भाविकाच्या डोक्याचा साचा

पेणमध्ये खंडित मूर्ती फळीवर चढत नाही. उंदराचा कान उडो, की सोंडेवर केसाएवढी चीर जावो, गिऱ्हाईक ती घरात नेत नाही आणि कारखानदारही देत नाही. देव अपुरा गेला तर घराला बाधतं, असं मानतात. मानतात म्हणजे मानतात, पेणकराशी त्यावर वाद घालायला जाऊ नये. म्हणून प्रत्येक कारखान्यात एक माणूस असा लागतो, की ज्याच्या हाताखालून गेलेली चीर पुन्हा कुणाला सापडू नये. दाजींच्या कारखान्यात तो माणूस म्हणजे कान्हू.

कान्हू जातिवंत मूर्तिकार नव्हता. डोलवीच्या अलीकडे खाडीकाठी त्याचं गाव, आणि बापजाद्यांचा धंदा मिठागराचा. पुढे पोलादाची कंपनी आली, भाऊ कंत्राटात शिफ्टला लागले, आणि कान्हू एका पावसाळ्यात पेणला दाजींकडे पोती उचलायला आला तो तिथलाच झाला. त्याच्या बोटांत काहीतरी होतं खरं. शाडूची चिमूट घेऊन तो फटीवरून अंगठा फिरवी, वर पॉलिश पेपरचा हात मारी, रंगाची छटा अशी जुळवी की फट कुठे होती हे दाजींनाही सांगता येत नसे. "कान्हूनं बुजवलेलं देवालाबी गवसायचं नाय," असं दाजी गिऱ्हाइकांसमोर म्हणत, आणि कान्हू ऐकू न आल्यासारखं करी. पण कान टवकारलेले असत. एवढा अभिमान कुणाला नसतो?

त्याची मुलगी भाविका सोळा वर्षांची होती आणि तिचं तोंड उघडत नव्हतं.

लहानपणी ती मिठागराच्या बांधावरून हनुवटीवर पडली. कानातून रक्त आलं, गावच्या वैदूनं हळद भरली, रक्त थांबलं, आणि सगळे तो प्रसंग विसरून गेले. मग हळूहळू जबडा आखडत गेला. दोन बोटं जायची तिथं एक जाईना, पुढे नखही जाईना. कुणा डॉक्टरनं बाजूचा एक दात काढून खिडकी करून दिली होती. त्या खिडकीतून भाविका पेज आत ओढून घ्यायची आणि मऊ भात बोटानं सारायची. बोलायची ती दातांमागून, घुमल्यासारखं. घरच्यांना कळायचं. तिला हौस एकच होती: भाजलेला सुका बोंबील स्वतःच्या दातांनी तोडून खायचा. काशीबाई, तिची आई, हे ऐकलं की चुलीकडे तोंड फिरवायची.

पण आता गोष्ट खाण्यापिण्याची राहिली नव्हती. हनुवटी वाढलीच नव्हती, आणि झोपेत जीभ मागे पडून भाविकाचा श्वास अडायचा. छाती वर यायची, तशीच थांबायची, आणि काशीबाई तिला हलवून जागं करायची. अलीकडे हे थांबणं लांबत चाललं होतं. पोर एखाद्या सकाळी उठणारच नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर पद्मजा टिपणीस मूळच्या रोह्याच्या. त्यांचे वडील विष्णुपंत तिथल्या शाळेत मास्तर होते. मुंबईत जबड्यांची ऑपरेशनं करून बाईंनी नाव काढलं होतं, आणि रविवारी त्या रोह्यालगतच्या वरसेला, वडिलांच्या घरी खालच्या खोलीत पेशंट बघत. त्यांनी भाविकाला तपासलं, मुंबईला नेऊन स्कॅन काढवला, आणि कान्हूला समोर बसवून सांगितलं, "जबड्याचा सांधा उरलेलाच नाही. हाड वरच्या कवटीला जुळून एकजीव झालंय. ते कापून सोडवायचं, आणि बरगडीचा तुकडा घेऊन तिथं नवा सांधा घडवायचा. पण कापायचं कुठवर, हे आधी कळायला हवं."

ते कळावं म्हणून त्यांनी त्या काळात नवलाची वाटणारी गोष्ट केली. स्कॅन म्हणजे काकडीचे करावेत तसे डोक्याचे पातळ काप. ते सगळे काप त्यांनी एका ओळखीच्या माणसाकरवी परदेशात धाडले. तिथल्या यंत्रानं एका द्रवावर किरण टाकून थरावर थर गोठवत नेला, आणि भाविकाचं हाडांचं डोकं उभं केलं. आज त्याला थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात आणि शाळकरी पोरंही त्यावर व्याख्यान देतील. अठ्ठ्याण्णव साली बाई त्याला नुसतं मॉडेल म्हणायच्या. कान्हूला मात्र ते चटकन समजलं. मिठागरात उन्हानं पाण्यावर मिठाची साय धरते, तसंच काहीतरी असणार.

मॉडेल आलं आणि बाई मुंबईहून रोह्याला जाताना वाटेत पेणला उतरल्या. पार्सल त्यांनी कारखान्यातच उघडलं. मधाच्या रंगाची, आरपार उजेड जाईल अशी कवटी होती ती, डाव्या कानापाशी हाडाचा गोळा असलेली.

"हे एकच आहे, कान्हूभाऊ," बाई म्हणाल्या. "मला यावर करवत चालवून सराव करायचाय, आणि एकदा चालवली की हे गेलं. मला याच्या प्लास्टरच्या प्रती हव्यात. हुबेहूब. तुमच्या पेणइतके साचे दुसरीकडे कुठे होतात?"

"मॅडम, काळजी करू नका. पोर माझं हाय."

बाई घाईत होत्या. मॉडेल त्यांनी वरवरच पाहिलं होतं, आणि कामाची जागा त्या गोळ्याच्या आड, आतल्या वळणात होती. प्रती आल्या की निवांत बघू, असं म्हणून त्या गाडीत बसल्या.

गणपती तोंडावर आले होते. फळ्यांवर न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा होत्या आणि त्यांत ते पिवळं डोकं ठेवलेलं कारखान्यात कुणालाच रुचेना. रंगकाम करणाऱ्या गिरजाबाईनं त्यावर फडकं टाकलं. "जित्या माणसाचं डोस्कं असं फळीवर ठेवू नये, कान्हू," ती म्हणाली. कान्हू हसला. त्या आठवड्यात घरी भाविकाचा श्वास रोजच्यापेक्षा जास्त अडत होता, पण हे त्यानं गिरजाबाईला सांगितलं नाही.

साचा घेण्याआधी मूळ मूर्ती तपासायची, ही रीत. भोकात रबर शिरलं तर साचा अडकतो आणि काढताना फाटतो. कान्हूनं कवटी उजेडात धरून फिरवली, आणि हाडाच्या गोळ्याच्या वर, आतल्या बाजूला, त्याला ते भोक दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढं होतं. कडा पातळ, पापुद्र्यासारख्या.

कवटीला भोकं पुष्कळ असतात, पण ती बहुतेक दोन्ही बाजूंना जोडीनं असतात. हे एकटंच होतं. उजवीकडे त्या जागी हाड गुळगुळीत. त्यानं दाजींना बोलावलं.

दाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "बुडबुडा राहिला आसंल. यंत्राचं काम, त्याला काय मन हाय? बुजव."

"साच्यापुरतं बुजवतो, मग मोकळं करतो."

"मोकळं कशाला करतोस? पोरीचं डोस्कं खंडित पाठवशील तिकडं? आपल्या कारखान्यातून?"

दाजींच्या मनात पाप नव्हतं, हे इथंच सांगून टाकायला हवं. आणि कान्हूच्या मनात तर नव्हतंच. त्याला फक्त वाटलं, की हे डोकं ऑपरेशनच्या टेबलावर जाणार आणि ते अपुरं जाऊ नये. देवाचा कान तुटलेला चालत नाही, तर आपल्या पोरीच्या डोक्याला भोक कसं चालेल? त्यानं शाडू बाजूला ठेवला. शाडू वाळून गळून पडला असता. त्यानं लाकडाच्या भेगा बुजवायच्या लुकणात पिवळा रंग कालवला, वर वॉर्निशचा थेंब दिला, आणि भोक असं भरलं की मधाच्या रंगात मध मिसळावा. अंगठा फिरवून पाहिला, लागेना. आयुष्यात इतकं चोख काम त्यानं केलं नव्हतं. मग रबराचा साचा घेतला आणि तीन प्रती काढल्या. अति तिथं माती म्हणतात ते उगीच नाही.

बाईंनी प्रती पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्या मुंबईला गेल्या, दोन प्रतींवर त्यांनी करवत चालवली, आणि ऑपरेशन रोह्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात करायचं ठरवलं. भूल देणारे डॉक्टर मुंबईहून येणार होते.

आदल्या दिवशी दुपारी वरसेच्या घरी त्यांनी कान्हू, काशीबाई आणि भाविका तिघांनाही बोलावलं. टेबलावर मूळ मॉडेल होतं आणि शेजारी उरलेली प्रत.

"मला सगळ्यात जास्त भीती होती ती या जागेची," बाईंनी प्रतीवर अंगठा ठेवला. "सांध्याच्या वरचं हाड कागदासारखं पातळ असतं आणि त्याच्या पलीकडे लगेच मेंदू. अशा पेशंटमध्ये कधी कधी तिथं हाडच नसतं. स्कॅनच्या फिल्मवर मला तसा संशय आला होता. पण मॉडेलमध्ये बघा, हाड सलग आहे, चांगलं जाड आहे. म्हणजे मी इथपर्यंत निर्धास्त जाऊ शकते. सगळा गोळा काढता येईल. तोंड पूर्ण उघडेल तिचं."

अंगठा बरोबर तिथंच होता.

कान्हूच्या कानांत भरतीचं पाणी शिरावं तसा आवाज सुरू झाला. शेजारी काशीबाई डोळ्यांना पदर लावून रडत होती, आणि ते रडणं आनंदाचं होतं. भाविका बाईंच्या अंगठ्याकडे बघत होती. मग तिनं स्वतःचा हात उचलून कानाच्या वर, त्याच जागी, हळूच दाबून पाहिलं.

आत्ता बोलायला हवं होतं. कान्हूनं ओठ हलवलेसुद्धा. पण बोललो तर बाई ऑपरेशन थांबवतील. थांबवलं तर पोर त्या अडलेल्या श्वासाकडे परत जाणार. आणि बुडबुडाच असेल तर? दाजी म्हणाले तसं यंत्राचंच चुकलं असेल तर? मग उगीच हात दाखवून अवलक्षण. हे सगळं खरं होतं. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, तीही खरी होती: ज्या कामाची एवढी शाबासकी मिळाली ते काम खोटं होतं, हे त्याला या घरात, बायकोपोरीसमोर म्हणवेना. लाज माणसाला फार स्वस्तात विकत घेते.

"काय झालं, कान्हूभाऊ?" बाईंनी विचारलं.

"काय नाय, मॅडम."

भाविकाला दवाखान्यात ठेवून तो कुंडलिकेच्या काठावर जाऊन बसला. नदी पुरानं गढूळ झाली होती. दोनदा तो उठून दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला आणि दोनदा परतला. बाई वरसेला निघून गेल्या होत्या. सकाळी बोलू, असं त्यानं ठरवलं. सकाळी सांगायचं ठरवलेल्या गोष्टी सकाळी किती जड होतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

सकाळ झाली. काशीबाईनं मारुतीचा अंगारा आणून पोरीच्या कपाळाला लावला. भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी भाविकाचं नाक पाहिलं, गळा चाचपला आणि नर्सला हळू आवाजात काही सांगितलं. तोंड उघडत नाही म्हणजे नळी नाकातूनच घालायची, आणि तीही पोर जागी असताना. ते न जमलं तर गळ्याला छेद. कान्हू भिंतीला टेकून ऐकत होता. बोल, बोल, असं आतून कुणी ढोसत होतं, आणि तो भिंत सोडत नव्हता.

स्ट्रेचर बाहेर आलं. भाविकाचे डाव्या कानावरचे केस भादरून टाकले होते, आणि उघड्या पांढऱ्या कातडीवर बाईंनी निळ्या शाईनं रेघ आखली होती. वर जाऊन कानापुढून खाली वळणारी.

पेणमध्ये मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. त्याला आखणी म्हणतात. आखणी झाली की मूर्ती पुरी झाली, त्यानंतर तिला कानस नाही की पॉलिश पेपर नाही. कान्हूनं हजारो मूर्ती आखणीच्या माणसाकडे सरकवल्या होत्या आणि एकही परत मागितली नव्हती. ती निळी रेघ बघितली आणि त्यानं भिंत सोडली.

"मॅडम," तो म्हणाला. बाई दारातून आत वळत होत्या. "मॅडम, थांबा. तिथं भोक हाय."

"कुठे?"

"तुम्ही अंगठा ठेवलावता तिथं. यंत्रानं दिलं तेव्हाच व्हतं. मी बुजवलं."

काशीबाईला अर्थ लागला नव्हता, ती नुसती एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. बाई आत गेल्या आणि मॉडेल घेऊन आल्या. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं, नख लावलं. काही लागेना.

"इथं काही नाही."

"हाय. द्या."

नर्सकडून सुई घेऊन त्यानं स्वतःच ते उकरलं. लुकण सहजी निघेना, इतकं ते पक्कं बसवलेलं होतं. शेवटी एक पिवळा कण फरशीवर पडला. बाईंनी कवटी खिडकीकडे धरली, तर त्या भोकातून उजेड आला. स्ट्रेचरवरून भाविका ते बघत होती. स्वतःच्या डोक्यातून आलेला उजेड बघायची पाळी फार थोड्यांवर येत असेल.

बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "हुबेहूब म्हणाले होते मी तुम्हाला."

"व्हय, मॅडम."

"दोन डोक्यांवर सराव केलाय मी. दोन्ही वेळा इथंच शिरले. आज तिसऱ्यांदा शिरले असते."

"यंत्राची चूक..."

"असेलही. पातळ हाड कधी कधी यंत्राच्या हातून सुटतं. मग तिथं भोक नसेल, कागद असेल. माझी करवत कागद आणि भोक यात फरक करत नाही." त्या थांबल्या. मग कान्हूशी बोलायचं सोडून त्या स्ट्रेचरवर वाकल्या. "भाविका, ऐक. आज नको म्हणालीस तर आपण थांबू. पण तुझा श्वास किती थांबेल ते मला सांगता येत नाही. केलं तर मी खालून कापीन, वरचा गोळा तसाच ठेवीन. तोंड उघडेल, पण थोडं. आणि मागे राहिलेलं हाड पुन्हा वाढून जुळण्याची भीती राहील. तू सांग."

काशीबाई म्हणाली, "बाय गो, बापाला इच्यार."

भाविकानं बापाकडे पाहिलं नाही. दातांमागून ती घुमली, "करा."

दार बंद झालं. कान्हू आणि काशीबाई बाकावर बसले. मधे एका माणसाची जागा मोकळी. काशीबाईला आता सगळं समजलं होतं आणि तिनं एकच विचारलं, "काल का नाय सांगितलंस?" ती पुन्हा विचारील म्हणून तो वाट बघत राहिला. तिनं विचारलं नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा दुपार उलटली होती. टोपीच्या कडेचा वळ कपाळावर उमटला होता. "आहे ती," असं त्या आधी काशीबाईला म्हणाल्या, आणि मग कान्हूकडे वळल्या. "भोक होतं. शेजारून दिसलं मला. त्यातून मेंदूवरचं आवरण धडधडताना दिसत होतं. तिथून लांबच राहिले. दीड बोट उघडलंय. त्याहून जास्त माझ्याच्यानं झालं नाही."

दीड बोट. पूर्ण उघडलं असतं का, योग्य डोक्यावर सराव करून बाईंनी दुसरी वाट आखली असती तर? हे कान्हूनं विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. प्रश्न मात्र त्या दोघांमध्ये उभा होता, आणि पुढे बाईंच्या समोर गेला की दर वेळी कान्हूला तो तिथंच उभा दिसायचा.

भाविका शुद्धीवर आली, सूज उतरली, नाकातली नळी निघाली. बाईंनी तिला जबडा हलवायला लावला. दुखत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी ती हलवत होती, कारण हलवलं नाही तर पुन्हा जुळेल हे तिला सांगितलेलं होतं. कान्हू खाटेपाशी आला. रोज झोपताना तो पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, लहान होती तेव्हापासून. त्यानं पट्टी नसलेल्या बाजूला, केसांवर, हात नेला.

भाविकानं डोकं बाजूला घेतलं. तिचे दात एकमेकांपासून सुटले, आणि कान्हूला इतक्या वर्षांनी पोरीची जीभ दिसली.

"हात नको लावू, बाबा."

एकही अक्षर घुमलं नाही. कान्हूचा हात तसाच राहिला, आणि काशीबाई हरखून दारापर्यंत धावली, नर्सला बोलवायला, आपलं पोर किती स्पष्ट बोललं ते ऐकवायला.